साळुंख्यांचं घर सामन्याला येतं

त्या काळी राज्य कबड्डी अजिंक्यपद स्पर्धेला खेळाडूंबरोबर त्यांची घरंही येत.

आता हे सांगितलं की नवी मुलं तोंडाकडे बघत राहतात. पण नियम अगदी साधा होता. सामन्याला निघताना खेळाडूच्या हातावर दही पडलं पाहिजे, आणि ते त्याच्या स्वतःच्या घराच्या उंबऱ्यात पडलं पाहिजे. परगावच्या शाळेत सतरंजीवर झोपायचं, खानावळीतलं दही चाटायचं आणि थेट मैदानात उतरायचं, अशा पोरांचे पाय चढाईला जड पडतात, हे संघटनेतल्या जुन्या मंडळींनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. शेवटी कार्यकारिणीत ठराव झाला की खेळाडू आपल्या घरातून निघाल्याशिवाय मैदानात उतरणार नाही. एकदा ठराव झाल्यावर घरं आणण्यावाचून इलाज नव्हता.

खेळाडूंचं बघायला प्रशिक्षक होते, मालिशवाले होते, पंच होते. घरच्यांचं आणि घरांचं बघायला मनोरमाबाई घोरपडे होत्या. कन्याशाळेत त्यांनी उभा जन्म पीटी शिकवली. पाचवारी साडी, खाली कॅनव्हासचे पांढरे बूट आणि गळ्यात शिट्टी, असा त्यांचा थाट. शिट्टी मुलींना कमी आणि घरांना जास्त ऐकू यायची. "मागं घ्या, मागं घ्या, ओटा शेजारच्याच्या न्हाणीत चाललाय!" असं त्या ट्रकवाल्यांना ओरडून सांगत, आणि घरं मुकाट्यानं रांगेत बसत.

घर आणणं तसं अवघड नव्हतं. घरातल्या मोठ्या माणसानं समोर उभं राहून मनापासून 'चल' म्हटलं, की घर पाया सोडून ट्रकवर येऊन बसे. परक्यानं कितीही घसा कोरडा केला तरी ढिम्म हलत नसे. खरी तारांबळ घर आल्यावर सुरू व्हायची. कोकणातल्या घरांना सपाटीवर झोप लागत नसे, त्यांना थोडा उतार करून द्यावा लागे. विदर्भातली घरं दुपारी कुणाशी बोलत नसत. गिरणगावातून एकदा एक खोली आली ती दोनच भिंती घेऊन. बाकीच्या दोन सामाईक होत्या आणि शेजाऱ्यांनी त्या सोडल्या नाहीत. मनोरमाबाईंनी दोन बाजूंना मंडपाचं कापड लावून दिलं, आणि त्या खोलीतल्या आजोबांनी स्पर्धा संपेपर्यंत, इतकी हवा आपण आयुष्यात खाल्ली नव्हती म्हणून कौतुक चालवलं.

आणि माणसं! सगळ्या महाराष्ट्राच्या आया एकाच आवारात. सकाळी निरनिराळ्या चुलींचे धूर एकमेकांत मिसळत, एका दाराशी भाकरी थापली जाई तर शेजारच्या दाराशी घावन. घराबरोबर मांजर येई, कौलातली चिमणी येई. सामना जवळ आला की आया झाडलेलं दार पुन्हा झाडत, बापांना उगीच तंबाखूची आठवण होई. कुणाला पाणी द्यायचं, कुणाच्या नुसतं शेजारी बसायचं, हे मनोरमाबाईंना कळे. ते दिवस म्हणजे त्यांचं सुख होतं. आजही कुठं ओल्या मातीला धुराचा वास लागला की त्यांचा हात गळ्यातली शिट्टी शोधतो.

या सगळ्यात त्यांनी एकही सामना पाहिला नाही. मैदान भिंतीपलीकडे होतं. तिकडून आरोळी उठली की इकडे त्या घरांच्या दारांकडे बघत. कोण कसा घरी परत येतो, त्यावरून त्यांना निकाल समजायचा.

सोनवडला स्पर्धा भरली त्या वर्षी बैलबाजाराचं आवार घरांसाठी मिळालं होतं. बहुतेक घरं लागून झाली होती, तेव्हा एक उंच, सडपातळ मुलगा आईबापांना घेऊन मनोरमाबाईंसमोर येऊन उभा राहिला. हनवटीवर जुनी खूण, हातात पत्र्याची पेटी. आनंदा साळुंखे. जिल्ह्याच्या संघात पहिल्यांदाच निवडला गेलेला, चढाईला विजेसारखा, असं त्याचं नाव दोन दिवस आधीच आवारात येऊन पोचलं होतं.

"घर कुठं आहे?" मनोरमाबाईंनी विचारलं.

"न्हाई आणलं," आनंदाचे वडील म्हणाले. त्यांचं नाव दौलू. ते बोलताना पायाच्या अंगठ्याकडे बघत.

"का बरं?"

"धरणात हाय."

खडकेवाडी हे त्यांचं गाव आंबोली खोऱ्यातल्या धरणाखाली गेलं होतं. आनंदा तेव्हा नुकता पाऊल टाकायला लागला होता. आता ही मंडळी पुनर्वसनाच्या वसाहतीत राहत होती. मनोरमाबाईंनी तांत्रिक अधिकारी पेठेसाहेबांना बोलावलं. पेठेसाहेब पुण्याचे. नियमाबाहेर ते कधी गेले नव्हते आणि नियमाच्या आतही जपूनच पाय टाकत.

"वसाहतीतलं घर चालेल का, साहेब? आज ट्रक पाठवला तर संध्याकाळपर्यंत येईल."

पेठेसाहेबांनी चष्मा पुसला. "मनोरमाबाई, खेळाडूनं रांगत रांगत पहिल्यांदा जो उंबरा ओलांडला, तो उंबरा. नियमात तेवढंच आहे. मला वाईट वाटतं."

"म्हणजे पोराला खेळता येणार नाही?"

"घर आलं तर येईल. सामना उद्या पाच वाजता आहे."

"घर पाण्याखाली आहे हो."

"पाण्याखालच्या घरांना नियमात मनाई नाही," पेठेसाहेब म्हणाले आणि कोल्हापूरच्या एका माडीचा जिना मोजायला निघून गेले.

आनंदानं पेटी खाली ठेवली आणि दुसऱ्या घरांच्या दारातून ये-जा करणाऱ्या पोरांकडे बघत राहिला. मनोरमाबाईंना त्या बघण्याचं फार लागलं. पोरगा उद्या खेळला नाही तर पुन्हा निवडला जाणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. संघात जागा एकदा गेली की ती भरायला दहाजण टपलेले असतात. त्यांनी शिट्टी वाजवली आणि ट्रकवाल्या इस्माईलभाईंना ट्रक काढायला सांगितलं.

दुपार कलायच्या आत ट्रक धरणाकाठी पोचला. खडकेवाडीचा जुना रस्ता डोंगरावरून सरळ खाली येतो आणि न थांबता पाण्यात शिरतो. इस्माईलभाईंनी पाण्याला चाकं लागतील न लागतील अशा बेतानं गाडी उलटी लावली. धरणाचा पहारेकरी छत्री घेऊन आला.

"काय न्यायचंय?"

"घर," मनोरमाबाई म्हणाल्या.

"घर न्या. पाणी न्यायचं नाही. धरणाचं पाणी धरणातच राहिलं पाहिजे."

ते मनोरमाबाईंनी कबूल केलं. मग सगळे दौलूंकडे बघू लागले. दौलू पाण्याकडे पाठ करून उभे होते. वसाहत धरणापासून तासाभराच्या वाटेवर, पण इतक्या वर्षांत ते इकडे एकदाही फिरकले नव्हते.

"मामा, नुसतं 'चल' म्हणायचं," मनोरमाबाई हळूच म्हणाल्या.

"न्हाई जमायचं, बाई." दौलू पाठमोरेच म्हणाले. "बुडताना बघत हुबा ऱ्हायलो मी. त्या तिथनं, टेकावरनं. आदी वटा गेला, मग खिडकी गेली, मग कौलं. हात बांधून बघत ऱ्हायलो. आता माजं काम पडलं म्हून त्येला कंच्या तोंडानं चल म्हनू?"

मनोरमाबाई म्हणजे पन्नास घरांची समजूत काढलेली बाई, पण या माणसाची कशी काढावी ते त्यांना कळेना. पाणी शांत होतं. आनंदा ट्रकच्या फाळक्याला टेकून उभा होता, आणि त्याला आता हे सगळं नकोसं झालंय हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"ऱ्हाऊ दे, दादा," तो बापाला म्हणाला. "म्होरल्या साली बघू."

तेव्हा त्याची आई पुढं झाली. सगुणाबाई.

"माजं दही हाय आत," त्या म्हणाल्या.

"झालं का तुजं सुरू?" दौलू म्हणाले.

"बाई, तुमीच सांगा." सगुणाबाई मनोरमाबाईंकडे वळल्या. "पानी सकाळच्याला चढंल म्हनलं हुतं. मी रातीला दूध विरजून शिंक्यात टांगलं. आन् कोंबडं आरवायच्या आदीच लोक वरडत आलं, निगा निगा. पोराला काखंत मारलं आन् निगालो. घर गेलं त्येचं म्या काय म्हनत न्हाई, समद्यांचीच गेली. पर विरजलेलं दूध तसंच टाकून आले. वसाहतीतल्या बाया मला हसत्यात. पर रोज रातीला दूध विरजताना मला त्ये आठवतंय."

मग त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तुमी चल म्हनू नगा. तुमी नुसतं खाकरा."

"आँ?"

"शेतावनं आल्यावर दारात खाकरायचा न्हवं? तसं. मग माजी म्या बघती."

दौलूंनी बायकोकडे पाहिलं. मग ते वळले, रस्ता जिथं पाण्यात शिरत होता तिथपर्यंत चालत गेले. वहाणा काढल्या, एकावर एक ठेवल्या, आणि दिवसभराचं काम उरकून दाराशी आलेला माणूस खाकरतो तसे खाकरले.

आधी पाण्यावर कौलाची एक ओळ आली. मग छपराची उतरती पाकाडी, मग खिडकी, मग ओटा. घर सावकाश वर आलं, उंबऱ्यातून भडाभडा पाणी सोडत काठाला लागलं आणि दौलूंसमोर थांबलं. दौलूंनी दाराच्या चौकटीला हात लावला. मग त्यांना जे रडू आलं ते आवरेना, आणि कुणी आवरायलाही गेलं नाही.

"अरे, ह्या मातीच्या भिंती. विरघळल्या कशा नाहीत?" इस्माईलभाईंनी विचारलं.

"मामंजींनी सोता तुडवलेली माती हाय," सगुणाबाई म्हणाल्या. त्यावर कुणालाच शंका राहिली नाही.

पहारेकऱ्यानं घर पुरतं निथळेपर्यंत हलू दिलं नाही. वळचणीखाली हात धरून, आता थेंब पडत नाही अशी खात्री करून घेतली आणि मगच छत्री मिटली.

साळुंख्यांचं घर आवारात आलं तेव्हा दिवेलागण व्हायची होती. बाकीच्या घरांनी सरकून जागा केली. कोकणातल्या एका बाईंनी शेणी आणून दिल्या, खानदेशातल्या आजीनं भिंतींना शेक द्यायला शेगडी धाडली. सगुणाबाई आधी चुलीपाशी गेल्या नाहीत, देवळीपाशी गेल्या नाहीत. त्या सरळ आतल्या खोलीत गेल्या, टाचा उंचावून शिंक्यातलं गाडगं उतरवलं आणि वरची झाकणी काढली.

मनोरमाबाई शेजारीच होत्या. दही घट्ट लागलं होतं. वर साईचा जाड थर होता, आणि गाडगं कलतं केलं तरी हलत नव्हतं. सगुणाबाईंनी बोटानं चव घेतली.

"आंबट न्हाई," त्या म्हणाल्या, आणि गाडगं छातीशी धरलं.

सकाळी पेठेसाहेब तपासणीला आले. त्यांनी उंबऱ्याची लांबी घेतली. खेळाडूनं हाच उंबरा रांगत ओलांडला याला काय आधार, असं विचारलं. सगुणाबाईंनी उंबऱ्याचा एक निघालेला टवका दाखवला. "हितं पडला हुता. हनवटी फुटली." पेठेसाहेबांनी आनंदाला बोलावून हनवटी बघितली, वाकून टवका बघितला, पुन्हा हनवटी बघितली.

"जुळतंय," ते म्हणाले.

चुलीत दोन मासे निघाले होते. त्यांना घरच्या माणसांत धरायचं की पाहुण्यांत, यावर पेठेसाहेबांनी पुन्हा चष्मा पुसला. शेवटी पाहुण्यांत धरून त्यांच्यासाठी एक बादली पाणी मंजूर केलं.

"आणि दही? दही शिळं चालत नाही, बाई. कधीचं आहे?"

"रातीला विरजलेलं," सगुणाबाईंनी खरं ते सांगितलं.

"मग हरकत नाही."

साडेचारला आनंदा निघाला. हा पोरगा या घरातून निघाला तेव्हा दीड वर्षाचा, त्याला यातलं काही आठवत नव्हतं. मनोरमाबाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं ते एवढंच, की आतल्या खोलीतून बाहेर येताना मधलं दार बुटकं होतं, पेठेसाहेबांचं कपाळ त्यावर सकाळीच दणकलं होतं, आणि आनंदा मात्र बोलता बोलता नेमका तिथं वाकला. आपण वाकलो हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. उंबऱ्याशी सगुणाबाईंनी त्याच्या तळहातावर दही घातलं. त्यानं ते चाटलं, हात पाठीमागं चड्डीला पुसला, आईबापांच्या पाया पडला.

"येतो," तो म्हणाला.

"ये," दोघं म्हणाले. आणि घरानंही एक वासा कर्रकन वाजवला.

दौलू सामना बघायला गेले. सगुणाबाई गेल्या नाहीत. मनोरमाबाईंच्या शेजारी ओट्यावर बसून त्यांनी तांदूळ निवडायला घेतले. पलीकडून आरोळी उठली की त्यांची बोटं थांबत, आरोळी विरली की पुन्हा चालू लागत. एकदा फार मोठा गलका झाला आणि मग काहीच ऐकू येईना. तेव्हा सगुणाबाईंनी मनोरमाबाईंचा हात धरला.

मग वाटेवर धावणारी पावलं वाजली. दारात यायच्या आधी, लांबूनच, हाक आली, "आये!"

शाळेतून आलेलं पोर मारतं तशी हाक. मनोरमाबाईंना निकाल समजला. आनंदाच्या दोन्ही गुडघ्यांची सालटी गेली होती आणि तोंडभर माती होती. मागून दौलू आले. दाराशी कुणी अनोळखी नव्हतं, सगळे समोरच होते, तरी ते आत शिरण्याआधी खाकरले.

पुढचे दोन दिवस त्या घरात काय वर्दळ होती म्हणून सांगू. आवारातली सगळी घरं तिकडे झुकून बघत. उपांत्य सामन्यात आनंदाचा संघ हरला, पण वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला आणि मुंबईच्या एका संघानं त्याला बोलावणं धाडलं. घरात रोज त्याच गाडग्यातलं दही पानात पडत होतं. मनोरमाबाईंनीही खाल्लं. इतकं गोड दही त्यांनी त्याआधी आणि त्यानंतर चाखलं नाही.

शेवटच्या दिवशी दौलू त्यांच्याकडे आले. टोपी हातात होती.

"बाई, वसाहतीत आमच्या पिलाटात मागं जागा हाय. तितं ठिवलं तर?"

मनोरमाबाईंना हा प्रश्न येणार हे माहीत होतं. त्या आदल्या दिवशीच पेठेसाहेबांशी भांडून बसल्या होत्या. "तुम्हाला घरदार नाही का हो?" इथपर्यंत बोलून झालं होतं. पेठेसाहेब रागावले नाहीत. त्यांनी धरणावरून आलेला निरोप सांगितला. खडकेवाडीच्या पाण्यात एका घराएवढी जागा रिकामी पडली होती, आणि पाणी तिथं काही केल्या नीट बसत नव्हतं. सारखं कुणाला तरी शोधल्यासारखं गोल फिरत होतं. घर जिथून आलं तिथं जायला हवं होतं. नियम सगळ्या घरांना तोच होता.

मनोरमाबाईंनी हे दौलूंना सांगितलं तेव्हा त्यांना स्वतःच्या आवाजाची लाज वाटली. दौलूंनी ऐकून घेतलं, मान हलवली, टोपी घातली.

"त्येचंबी बरोबर हाय," ते म्हणाले. "तितं शेजार हाय त्येचा. जाधवाचं घर, न्हाव्याचं घर. एकटं वर काय करंल?"

ट्रक दुपारी लागायचा होता. मनोरमाबाई निरोप द्यायला गेल्या तर सगुणाबाईंनी पदर खोचलेला. त्यांनी कोपरान् कोपरा झाडला होता. जमीन शेणानं सारवली होती, आणि ती वाळायची वाट बघत त्या दारात रांगोळीची बोटं ओढत होत्या. मासे बादलीतून काढून चुलीत ठेवले होते.

"अहो सगुणाबाई," मनोरमाबाईंना राहवलं नाही, "पाण्यात जायचंय ना घर?"

"म्हून काय पारुसं धाडायचं?"

मग त्या आत गेल्या. शेजारणीच्या चुलीवर तापवून आणलेलं दूध कोमट झालं होतं. गाडगं विसळून पालथं घातलं होतं. जुन्या दह्यातलं चमचाभर त्यांनी वाटीत राखून ठेवलं होतं, ते गाडग्याला आतून फिरवून लावलं, वर दूध ओतलं, झाकणी ठेवली, आणि गाडगं शिंक्यात टांगलं. वाटीत जे उरलं होतं ते मनोरमाबाईंच्या हातात दिलं. "तुमास्नी विरजनाला," त्या म्हणाल्या.

आनंदा आणि दौलू बाहेर उभे होते. दौलू खाकरले, तसं घर ट्रकवर चढलं. आवारातल्या सगळ्या आया आपापल्या दारांत येऊन उभ्या राहिल्या. मनोरमाबाईंनी शिट्टी तोंडाला लावली, पण ती वाजेना, तेव्हा त्यांनी नुसता हात वर केला.

ट्रक सुरू झाला तशा सगुणाबाई धावत गेल्या. मनोरमाबाईंना वाटलं, आता ही बाई चाकासमोर आडवी पडणार. पण त्या इस्माईलभाईंच्या खिडकीशी जाऊन थांबल्या.

"भाऊ, गाडी हळू घ्या बरं का," त्या म्हणाल्या. "आत दूध विरजलंय."

इस्माईलभाईंनी मान डोलावली, आणि धरण येईपर्यंत एक धक्का बसू दिला नाही.